हल्केची आई

शकुंतलाबाई साळवे मूळच्या नगरकडच्या. नवरा शशिकांत रेल्वेत गार्ड, म्हणून संसार झाशीत मांडला आणि तिथलाच झाला. पोटी मूल नव्हतं. चर्चमधल्या दोघीतिघींबरोबर त्या दर आठवड्याला तुरुंगात जायच्या. कैद्यांसाठी प्रार्थना करायच्या, त्यांचे निरोप घरी पोचवायच्या. सगळे कैदी त्यांना दीदी म्हणत.

त्यातलाच एक, झाशीजवळच्या एरच गावचा हल्के. बांधावरच्या भांडणात त्यानं सख्ख्या थोरल्या भावाच्या डोक्यात कुऱ्हाड घातली होती. जन्मठेप झाली, आणि वर क्षयानं छाती पोखरली. त्याचं एकच मागणं असायचं, "दीदी, अम्मा को एक बार ले आओ."

शेवटी शकुंतलाबाईंनी एरचची बस धरली. हल्केची आई गेंदाबाई अंगणात गोवऱ्या थापत होती. हल्केचं नाव ऐकूनही तिचे हात थांबले नाहीत. दारात आली ती थोरली सून. मेलेल्या भावाची बायको. कडेवर पोर होतं.

"खुशाल न्या म्हातारीला," ती म्हणाली. "पण त्याचं तोंड पाहून आली, तर या घराचं दार तिला बंद."

"बेटी, क्षमा केलीस तर तुझंच मन हलकं होईल."

"मन हलकं करून पोरांना काय खाऊ घालू?"

शकुंतलाबाईंनी पिशवी उचलली. त्या तशाच परतल्या.

पावसाळ्यात हल्केला रक्ताच्या उलट्या सुरू झाल्या आणि त्याला सरकारी इस्पितळात हलवलं. शकुंतलाबाई पुन्हा एरचला धावल्या. या खेपेला त्यांनी म्हातारीचे पायच धरले. "तो वाचायचा नाही, अम्मा. देवासाठी चला."

गेंदाबाईनं हात धुतले, पदर डोक्यावर घेतला आणि निघाली. सुनेनं मागून दार लोटून घेतलं.

हल्केचा पाय बेडीनं खाटेला अडकवलेला होता. बाजूला शिपाई. गेंदाबाई पायथ्याशीच उभी राहिली. तापात हल्केनं डोळे उघडले, उशाशी उभ्या शकुंतलाबाईंचा हात घट्ट धरला आणि म्हणाला, "अम्मा, आ गईं?"

शकुंतलाबाई हात सोडवू लागल्या. "मी नाही रे, ती बघ..."

"रहन दो," गेंदाबाई म्हणाली. "तुमई अम्मा बनी रहो."

दुसऱ्या दिवशी तो गेला.

एरचला दार खरोखरच बंद झालं होतं. शकुंतलाबाईंनी म्हातारीला आपल्या घरी आणलं. ख्रिस्ती घरचं अन्न नको म्हणून ती ओसरीत वेगळी चूल मांडून चार घास शिजवायची आणि दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसायची. एकदाच बोलली, "दोन्ही पोरं गेलीच होती. तू आली नसतीस तर घर तरी राहिलं असतं."

त्या संध्याकाळी शकुंतलाबाई नवऱ्याला म्हणाल्या, "प्रार्थनेला बसते अहो, पण शब्दच फुटत नाही."

थंडीत म्हातारी न सांगताच निघून गेली. शकुंतलाबाई शोधत एरचला पोचल्या, तेव्हा ती गोठ्यात गवतावर पडलेली दिसली. सुनेनं तेवढी जागा दिली होती. बाटलेली समजून ताट लांबूनच सरकवायची. शकुंतलाबाईंनी अंगावरची शाल तिच्यावर घातली. म्हातारीनं ती काढली नाही, की मान वळवून बघितलंही नाही.

शकुंतलाबाईंनी तुरुंगात जाणं सोडलं नाही. निरोपही पोचवत राहिल्या. पण 'माझ्या माणसांना घेऊन या' असं कुणी म्हटलं की त्या फक्त निरोप मागून घ्यायच्या. त्याच्या घरच्या दारात उभं राहून त्या निरोप सांगायच्या आणि 'चला' न म्हणताच मागे फिरायच्या.