सिंधूचे जोडीचे शब्द

माझी बायको सिंधू गेली हे मला सगळ्यांच्या आधी सांगितलं, आणि कळलं सगळ्यांच्या शेवटी. हॉस्पिटलातली डॉक्टरीणबाई केरळकडची, पोरीच्या वयाची. खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात इंग्रजीत काहीतरी बोलली. इंग्रजी कानावर पडलं की मान हलवायची, ही माझी जन्माची सवय. म्हणालो, "ओके मॅडम, थँक्यू." वाटलं, आराम पडला असंल. खाली कँटीनमध्ये जाऊन चहा घेतला, वडापाव मागवला. माझा मुलगा महेश रडत जिना उतरला, तेव्हा माझ्या तोंडात घास होता...

मी चौथी शिकलेला. वाशीच्या मार्केटात कांद्याच्या गोणी वाहण्यात जन्म गेला. इंग्रजीचं काम निघालं की सिंधू पुढं व्हायची. ती सातवीपर्यंत शिकलेली, पण नातीशी इंग्रजीत बोलायचं म्हणून साठीनंतर घणसोलीत आमच्या सोसायटीतल्या बायांच्या क्लासला जाऊ लागली. तिची शिकायची तऱ्हा निराळी. जात्यावर ओवी म्हणतात तसं हातानं काम आणि तोंडानं शब्द. गॅस पेटवला की "टर्न ऑन", विझवला की "टर्न ऑफ", मी चपला घालताना "पुट ऑन". मी बरोबर म्हटलं तर हातावर गुळाचा खडा ठेवायची, पोराला देतात तसा.

"आवो, हे शब्द जोडीनं राहत्यात," म्हणायची. "एकेकट्याचा अर्थ निराळा, जोडीचा निराळा. आपल्यावाणी."

"आपल्यात कसला अर्थ? नुसती भांडणं."

"मग 'गिव्ह अप' करा. म्हंजी नाद सोडा माझा!"

खालच्या मजल्यावरचे काका वारले, तेव्हा म्हणाली, "आता 'पास अवे' पाठ करा. म्हंजी माणूस जाणं. मेला म्हणण्यापरीस बरं दिसतं."

"मेलेल्याला काय फरक पडतो गं?" मी म्हणालो, आणि गूळ न घेताच उठलो.

डॉक्टरीणबाईनं मला तेच दोन शब्द सांगितले होते. हे नंतर महेशकडून कळलं. बायकोनं आधीच शिकवून ठेवलेले शब्द, आणि तिच्याच वेळेला मी वडापाव खात बसलो. भेटायला येणारे म्हणतात, "अण्णा, शेवटपर्यंत तुम्ही जवळ होता, भाग्य लागतं." मी मान हलवतो. खरं सांगायला तोंड नाही.

परवा सकाळी दूध तापवत होतो, तेवढ्यात फोन आला. कोणी मुलगी फडाफडा इंग्रजी बोलत होती. मधे सिंधूचं नाव ऐकू आलं. सवयीनं मान हलवली, पण फोनवर मान कोण बघतंय? गॅस बंद केला. जुळवून जुळवून म्हणालो, "सिंधू... पास्ड अवे."

मग ती म्हणाली, "सॉरी, सर." तेवढं मला कळलं.

म्हणजे बरोबर बोललो होतो. ओट्यावर गुळाचा डबा तिनं ठेवला तिथंच आहे. झाकण काढलं... हात आत जाईना. परत लावून टाकलं.