कासवापाशी अडलेली ऊर्जा

कुरखेड्याच्या पुढे जंगलातल्या एका शाळेत मी विज्ञान शिकवत होतो. बायको गडचिरोलीला नोकरीत, मी इकडे. आमचा संसार एस.टी.च्या वेळापत्रकावर चालायचा. अशात शिक्षण खात्याचे साहेब पाठ बघायला येणार असं कळलं. पाठ पसंत पडला तर गडचिरोलीच्या प्रशिक्षण केंद्रात माझी वर्णी लागणार होती. मी जिवाचं रान केलं.

विषय अन्नसाखळी. मुलांच्या गळ्यात पाट्या अडकवल्या: शेवाळ, गोगलगाय, कासव, कोल्हा, जिवाणू. ऊर्जा म्हणजे लाल लोकरीचा गुंडा. खाणाऱ्याने तो घ्यायचा आणि बरीचशी लोकर तोडून हवेत उधळायची, कारण ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. हा भाग मुलांना फारच आवडला. थोडी उष्णता साहेबांच्या टकलावर जाऊन बसली.

गोगलगायीने शेवाळ खाल्लं, कासवाने गोगलगाय. कोल्हा मात्र जागचा हलेना.

"खा ना रे!"

"नाई जी सर. कासव आमच्या कुळाचा देव आहे. त्याले कसा खाऊ?"

पाट्या वाटताना मी उंची बघितली होती, कुळ नाही. घाईघाईने कोल्ह्याची पाटी दुसऱ्याच्या गळ्यात घातली.

"मले श्रावण आहे सर. पोळ्यापर्यंत नाई जमत."

"अरे, कोल्ह्याला कसला श्रावण?"

"कोल्ह्याले नाई, मले आहे."

"मग ऊर्जा गेली कुठे?" साहेबांनी विचारलं.

"माह्याजवळ आहे जी," कासव झालेली मुलगी गुंडा पोटाशी धरून म्हणाली.

मी शेवटचा उपाय काढला. "बरं, तू म्हातारी होऊन मर. जिवाणू तुझी माती करतील, ती शेवाळाला मिळेल. ऊर्जा पुढे जाते, पण माती फिरून परत येते."

"मी काऊन मरू? मले तर कोनी खाल्लंच नाई!"

जिवाणू बिचारे मातीची पिशवी घेऊन ताटकळत उभे. तेवढ्यात खिचडीची घंटा झाली आणि जिवाणूंसकट सगळी परिसंस्था ताटं घेऊन पळाली.

साहेब डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "पाठ झकास, पण अर्धवट राहिला. कासव मेलं की कळवा, मग गडचिरोलीचं बघू."

साहेब हसले म्हणून मीही हसलो. संध्याकाळी बायकोला फोनवर सगळं रंगवून सांगितलं. ती हसली नाही.

"कासव शंभर वर्षं जगतं ना हो?" एवढंच म्हणाली.