पारूबाईंची नोट टीप नव्हती

“रेहाना, दोनच ओळी लिहायच्या आहेत. प्रवाशाकडून टीप घेतली, चूक झाली, पुन्हा होणार नाही. तेवढी मेल कर आणि सोमवारपासून फ्लाइटवर ये.”

“सर, मी टीप घेतलेली नाही.”

“माझ्याकडे व्हिडिओ आहे.”

“व्हिडिओत मी नोट घेतेय. टीप घेत नाहीये.”

फोनवर आमचे बेस मॅनेजर अय्यर सर होते. ज्या विमानतळावरून आमची ड्यूटी सुरू होते त्याला बेस म्हणतात. माझा बेस हैदराबाद. मी मात्र त्या दुपारी मुरूमला, आमच्या गावी होते, अब्बांच्या बांगड्यांच्या दुकानात, उंबऱ्यावर. आत रेंज येत नाही. चार दिवसांपूर्वी मला ऑफ-रोस्टर केलं होतं. म्हणजे नोकरी आहे, पण विमानात पाय ठेवायचा नाही. केबिन क्रूच्या पगाराचा मोठा भाग हवेत काढलेल्या तासांवर ठरतो, त्यामुळं ऑफ-रोस्टर म्हणजे निम्म्या पगारावर घरी बसणं. आणि लिहून दिलं नाही तर पुढची पायरी नोकरी जाण्याची. सर तसं बोलले नाहीत, पण अकरा वर्षं नोकरी केल्यावर न बोललेलंही ऐकू येतं.

झालं होतं ते असं.

हैदराबादहून वाराणसीला जाणारं सकाळचं विमान. दारात उभी राहून मी नमस्कार करत होते, तेवढ्यात वीसेक म्हाताऱ्या माणसांचा घोळका आला. कपाळावर भस्माचे पट्टे, हातात पिशव्या, डोळ्यांत धास्ती. काशीला निघालेले. “आत लई गार हाय की गं,” असं एक आजी दुसरीला म्हणाली आणि मी मनात म्हटलं, ही आपल्याकडची माणसं. पण गर्दी होती, विचारायला सवड मिळाली नाही.

दारं बंद झाली आणि विमान तासभर जागचं हललंच नाही. पुढं विमानांची रांग होती. जमिनीवर एसी नीट लागत नाही, त्यामुळं मघाचं गार आत चांगलंच तापलं. या लोकांच्या पाण्याच्या बाटल्या सिक्युरिटीला ओतून टाकायला लावलेल्या. विमानतळावरच्या पाण्याचा भाव ऐकून कुणी नवी घेतली नव्हती.

विमान वर गेलं, सीटच्या पट्ट्यांचा दिवा विझला आणि आम्ही गाडा काढला. हा गाडा म्हणजे आमची दुकानदारी. स्वस्त तिकिटाच्या विमानात तिकिटाचे पैसे फक्त खुर्चीचे असतात. चहा, सरबत, सँडविच, सगळं विकत. याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. ज्याला चहा प्यायचा नाही त्यानं दुसऱ्याच्या चहाचे पैसे तिकिटात का भरावेत? काही प्रवासी आम्हाला तोंडावर ‘उडत्या टपरीवाल्या’ म्हणतात. म्हणोत. मी दुकानात लहानाची मोठी झाले, मला विकण्याची लाज वाटत नाही. विक्रीवर कमिशन मिळतं, तेही मला आवडतं.

पण पाणी वेगळं. अब्बांच्या धंद्यात एक रीत आहे. गिऱ्हाइकाच्या हातात चढवताना बांगडी फुटली तर तिचे पैसे घ्यायचे नाहीत. हात गिऱ्हाइकाचा असला तरी नुकसान दुकानाचं. पैसे कशाचे घ्यायचे हे कुणीही शिकवतं. कशाचे घ्यायचे नाहीत, ते मी अक्षरं गिरवायच्या आधी शिकले.

आमच्या कंपनीचा नियमही तसा बराच होता. पाण्याची बाटली विकत, पण कपातून पाणी मागितलं तर फुकट द्यायचं. मॅन्युअलमध्ये छापलेलं आहे. मात्र ड्यूटीआधी जी बैठक होते, तिला आम्ही ब्रीफिंग म्हणतो, तिथं तोंडी आणखी एक शेपूट जोडलेलं असायचं. “मागितलं तरच. आपण होऊन सांगायचं नाही.” यात गंमत काय होते ते बघा. नेहमी विमानानं फिरणाऱ्याला हे माहीत असतं, तो मागतो आणि फुकट पितो. ज्याला माहीत नसतं तो बाटलीचा भाव वाचून गप्प बसतो. म्हणजे नियम फुकट पाण्याचा, आणि तहान नवख्याला.

चौदाव्या रांगेत कडेच्या सीटवर साठी-सत्तरीच्या एक बाई बसल्या होत्या. ओठ सुकलेले. मूठ घट्ट मिटलेली.

“मावशी, पाणी देऊ?”

“नगं बाई. तहान न्हाय.”

“मुठीत काय आहे?”

त्यांनी मूठ उघडली. घामानं भिजलेली बीपीची गोळी.

“ही कधी घ्यायची होती?”

“सकाळी सातला. आता उतरल्यावर घीन की.”

साडेदहा वाजले होते. मला एवढा राग आला की हातातला कप चुरगळला. राग त्यांचा नाही. त्या बैठकीत मीही आठ-दहा वर्षं मान डोलवत आले होते, त्याचा. मी दुसऱ्या कपात पाणी ओतलं आणि हातात दिलं. “हे फुकट आहे मावशी. घ्या गोळी.” त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग कपाकडं, आणि एका दमात संपवलं. मी अजून दोन दिले.

“कुठल्या तुम्ही?”

“मुरूमच्या.”

“मी गफूरभाई बांगडीवाल्यांची रेहाना.”

“आगं बया! गफूरभाईची तू? हिथं वर काय करतीस?” सगळ्या रांगांतून माना वळल्या. त्यांचं नाव पारूबाई. मी शाळेत असताना त्या दर सणाला आमच्या दुकानात यायच्या. मी ओळखलं नाही याची मला लाज वाटली.

मग मी पुढं गेले, घोषणेचा हँडसेट उचलला आणि आधी मराठीत, मग हिंदीत सांगितलं, “पिण्याचं पाणी कपातून फुकट मिळतं. ज्याला हवं त्यानं हात वर करा, लाजू नका.” विमानभर हात वर झाले. मुरूमकरांचे तर झालेच, लॅपटॉप उघडून बसलेल्या साहेबांचेही झाले. माझ्या जोडीला निकिता होती, नोकरीत नवी. ती हळूच म्हणाली, “दीदी, आजचं टार्गेट गेलं.”

“गेलं.”

तिचा चेहरा उतरला. तिचं काही चुकत नव्हतं, कमिशन तिचंही बुडत होतं. तरी पाण्याचा जग घेऊन तीच माझ्या आधी मागच्या रांगांकडं गेली.

वाराणसीला उतरताना पारूबाई दारापाशी थांबल्या. मागे सगळी रांग खोळंबली. त्यांनी कमरेचा बटवा सोडला आणि पन्नासची नोट माझ्या हातावर ठेवली.

“चोळीला घे.”

“कशाला, मावशी?”

“कशाला म्हंजी? गावची लेक परमुलखात भेटली, तिला रिकाम्या हातानं सोडून जाऊ व्हय?”

आमच्याकडं ही पद्धत आहे. गावची लेक बाहेर भेटली की थोरल्या बायका तिच्या हातावर चोळीचे पैसे ठेवतात. त्यात चोळी येते का, हे कुणी बघत नाही. लेकीनं एकदा ‘कशाला’ म्हणायचं आणि घ्यायचं. परत केलं तर त्याचा अर्थ, मी तुमची कुणी नाही. मी नोट घेतली, कपाळाला लावली आणि खिशात ठेवली.

तेवढंच मागच्या एका प्रवाशानं मोबाइलवर टिपलं. संध्याकाळी व्हिडिओ सगळीकडं. वर लिहिलेलं, ‘आधी फुकट पाण्याचं नाटक, मग म्हाताऱ्यांकडून वसुली.’

आता टिपेबद्दल. आम्हाला टीप घ्यायला बंदी आहे आणि हा नियम मला मनापासून पटतो. अकरा वर्षं मी नोटा परत करत आलेय. काही नोटांच्या घडीत फोन नंबर असतो, त्या तर मी सगळ्यांदेखत परत करते. टीप म्हणजे माझ्या कामाचा भाव उतारूनं त्याच्या मर्जीनं ठरवायचा. मला तो भाव कंपनीकडून हवा आहे, पगारात. पण गंमत अशी की त्याच महिन्यात आमच्या कार्डाच्या मशीनवर एक नवी पाटी आली होती. प्रवाशानं चहा घेतला की पडद्यावर प्रश्न यायचा, क्रूला बक्षीस द्यायचं का? त्यातला वाटा कंपनी ठेवणार. म्हणजे मशीननं मागितलं तर ती नवी योजना, आणि पारूबाईंनी न मागता दिलं तर मी गुन्हेगार!

मी फोन ठेवून दुकानात आले. अब्बांनी सगळं ऐकलं होतं. ते बांगड्यांचे जुडगे कागदात गुंडाळत होते. घरी आम्ही दखनी बोलतो.

“लिख दे ना बेटा,” ते म्हणाले. “दो लाइनां तो हैं. कायकू नोकरी पे बात लाना?”

मला त्यांचा राग आला नाही. त्यांनी आयुष्यभर गिऱ्हाइकाशी, घरमालकाशी, सगळ्यांशी गोड बोलून दुकान चालवलं. त्याच दुकानानं मला हैदराबादला शिकायला पाठवलं. मी फक्त सरांनी लिहून पाठवलेल्या त्या दोन ओळी मोठ्यानं वाचून दाखवल्या. ‘श्रीमती पारूबाई या प्रवाशाकडून टीप स्वीकारली.’

त्यांचे हात थांबले.

“पारूबाई ने टीप दिये, बोलके लिखना है?”

“हौ.”

“तू पैदा भी नई हुई थी, तब से उनों अपनी दुकान में चूड़ियां भरते. आज तलक मेरे को भाव नई पूछे.” त्यांनी कागदात गुंडाळलेला जुडगा गल्ल्यावर आपटला. दोन बांगड्या फुटल्या. “नक्को लिख.”

अब्बांना मी असं चिडलेलं क्वचितच पाहिलंय. मला रडू आलं आणि बळही आलं.

दोन दिवसांनी व्हिडिओ कॉलवर सुनावणी ठरली. पारूबाई काशीहून परत आल्या होत्या. त्या पेढे घेऊन दुकानात आल्या, सगळं कळल्यावर उंबऱ्यावर फतकल मारून बसल्या आणि “तुज्या साहेबाला म्या सांगती” म्हणाल्या. मी नको म्हटलं. ऐकतात कशाला?

कॉल लागला. पारूबाईंनी फोन माझ्या हातातून घेतला, तोंडाजवळ धरला.

“साहेब, म्या पारूबाई, मुरूमची. पोरीनं मला पाणी दिलं. आमच्याकडं पाण्याचं पैसं कुणी घेत न्हाय अन् कुणी देत न्हाय. म्या चोळीचं दिलं. माज्या लेकीला म्या द्यायचं का न्हाय, हे तुमी कोण सांगनार?”

मी भाषांतर केलं. एक शब्दही मऊ केला नाही.

अय्यर सर माणूस वाईट नाहीत. ते जरा हसले, मग सावरून म्हणाले, “रेहाना, त्यांच्या भावना समजतात. पण प्रकरण बंद करायला कागद लागतो. नोट ऑफिसात जमा कर, माफी लिही. आणि त्या घोषणेबद्दलही लिही. ती आपल्या छापील मजकुरात नव्हती.”

“नोट जमा करणार नाही सर. ती मला मिळालीय, क्रूला नाही.”

“आणि घोषणा?”

“तिच्याबद्दल लिहिते की. फक्त मला आधी एक आदेश लेखी द्या.”

“कसला?”

“पाणी फुकट आहे हे प्रवाशांना सांगू नये, असा. खाली सही, शिक्का. मग मी लिहिते, लेखी आदेश मोडला, माफ करा.”



“ते ब्रीफिंगमध्ये सांगितलेलं आहे,” ते म्हणाले.

“तोंडी. मला कागद हवा.”

“असं कुणी लेखी देतं का, रेहाना?”

“का नाही देत, सर?”

नोकरी गेली तर काय, हा विचार मी रात्रंदिवस केला होता आणि काही सुचलं नव्हतं. पण शब्द परत घ्यावासा वाटला नाही. सर “बघतो” म्हणाले आणि कॉल संपला.

“काय म्हनला?” पारूबाईंनी विचारलं.

“बघतो म्हणाले.”

“बघू दे की मग,” असं म्हणून त्यांनी माझ्या हातावर आणखी एक पेढा ठेवला.

सुनावणीनंतर पाचव्या दिवशी कंपनीच्या अॅपवर माझा रोस्टर, म्हणजे ड्यूटीचा तक्ता, आला. सोमवार, सकाळचं विमान. मेल नाही, पत्र नाही, ताकीद नाही. तो लेखी आदेशही अजून आलेला नाही. त्या वर्षी माझं प्रमोशन मात्र माझ्या ज्युनिअरला गेलं. कारण कुणी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. राग आला होता, तो अजून आहे.

आता प्रत्येक फ्लाइटला गाडा काढण्याआधी मी पाणी फुकट असल्याचं सांगते. मला थांबवायचं तर कागद द्यावा लागेल, म्हणून कुणी थांबवत नाही. निकिताही तिच्या फ्लाइटवर सांगते. मशीनवरच्या बक्षिसाच्या प्रश्नाला मी स्वतःच ‘नको’ दाबते आणि मग मशीन प्रवाशाच्या हातात देते.

नोकरीत नव्या आलेल्या मुली मला विचारतात, दीदी, वरच्यांशी कसं बोलायचं? मी सांगते, आवाज चढवू नका. अवघड तोंडी हुकूम आला की नम्रपणे लेखी मागा. त्यातले निम्मे तिथंच विरतात.

पारूबाईंची नोट मी अब्बांच्या गल्ल्यात टाकली आणि डझनभर हिरव्या बांगड्या भरून घेतल्या. एक चढवताना फुटली. तिचे पैसे अब्बांनी घेतले नाहीत. त्या बांगड्या मी सुट्टीतच घालते, ड्यूटीवर काचेच्या बांगड्या घालायला बंदी आहे. ते मात्र लेखी आहे, म्हणून पाळते.