भिंतीवरचा सरदार

आमच्या घराण्यात कोणीही सरदार होऊन गेलेला नाही. हे सुरुवातीलाच स्पष्ट केलेले बरे, कारण उंब्रजकडच्या काही मंडळींचा समज अजून वेगळा आहे.

दुष्काळ सरून दोनेक वर्षे झाली होती. मी साताऱ्यात सरकारी कचेरीत हिशेब तपासत असे आणि घरी थोरल्या मुलीसाठी, मंगलसाठी, स्थळे. पहिल्या कामात माझी चूक सहसा निघत नसे. दुसऱ्यात काहीच निघत नव्हते. अशात तासगावचे स्थळ आले. मुलगा शिकलेला, घरची द्राक्षबाग, आजोबा पलटणीतून निवृत्त झालेले सुभेदार. मुलाचा फोटो पाहून मंगल "बरा आहे" म्हणाली. (आमच्या मंगलच्या तोंडून 'बरा' म्हणजे फार झाले.)

पाहुणे येणार म्हणून माझ्या पत्नीने, सुमनने, बैठकीवरून नजर फिरवली.

"भिंतीवर काय आहे आपल्या? खताच्या दुकानाचं कॅलेंडर. तेही गेल्या सालचं."

"तारखा सोडल्या तर चांगलं आहे," मी म्हणालो.

तारखा सोडायला ती तयार नव्हती. म्हणून मी बाजारात फ्रेमवाल्याकडे गेलो. त्याच्याकडे जुन्या दरबारी चित्रांच्या छापील प्रती होत्या. त्यातला एक सरदार मला पसंत पडला. एका बाजूने काढलेला चेहरा, कानात मोती, एक हात तलवारीच्या मुठीवर, दुसऱ्या हातात गुलाब. तो कोण, हे फ्रेमवाल्यालाही ठाऊक नव्हते. घरी येऊन मी टेपने भिंत मोजली, ओळंबा सोडला, पेन्सिलीने खूण केली आणि खिळा ठोकला. निम्मा गिलावा खाली आला. दुसऱ्या खिळ्याला सरदार बरोबर मध्यावर बसला.

दुसऱ्या दिवशी उंब्रजहून माझी आत्या आली. तिला दिसायचे कमी, पण समजायचे सगळे, असे तिचे मत. आमच्याकडे काच लावून भिंतीवर टांगतात ते एक तर देव, नाही तर घरातले गेलेले माणूस. मी कचेरीतून येईपर्यंत सरदाराच्या गळ्यात झेंडूचा हार आणि काचेवर कुंकू!

"आत्या, ते चित्र आहे. दुकानातून आणलंय."

"खुळा का काय तू? इकत आणल्याली माणसं कोण भिताडावर लावतंय? नाक बघ की. आपल्या पणज्याचं, थोरल्या आबाचं नाक हाय त्ये."

"राहू दे हो हार," सुमन मला म्हणाली. "म्हातारं माणूस आहे. पाहुणे काय चित्र बघायला येतायत?"

पाहुणे चित्रच बघायला लागले. सुभेदार दारात पायताण काढून आत आले, भिंतीकडे बघून सावधान उभे राहिले.

"ह्ये तुमचं कोण?"

मी तोंड उघडेपर्यंत आत्या म्हणाली, "आमचं पणजोबा. लय मोठं सरदार हुतं."

सुभेदार हळूच खाली बसले. "मग ही सोयरीक हुयाची न्हाई."

पोह्यांच्या बश्या देता देता सुमन होती तिथेच थांबली.

"ह्यो आमचा खापरपणजा," सुभेदार म्हणाले. "आमच्या सोप्यात भिताडावर हाय की. ह्योच गुलाब, हीच तलवार. म्हंजी आपण एका रक्ताचं. भावकी. पोरगा-पोरगी भाऊ-भन झाली."

"पण आडनावं वेगळी आहेत," मी म्हणालो. "देवकही वेगळं."

"आडनाव काय, गाव बदललं की बदलतंय. तोंड कसं बदलंल?"

मुलगा मान खाली घालून पोह्यांतले शेंगदाणे बाजूला काढत बसला. पडद्याआडच्या मंगलच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. आनंद झाला तो एकट्या आत्याला. "म्हंजी तुमी आमचंच की! आता ज्येवूनच जावा."

मी पुराव्यावर चालणारा माणूस. उठलो, सरदाराला खाली उतरवले आणि पक्कड घेऊन फ्रेमच्या मागचे बारीक खिळे उपसायला लागलो. हार माझ्या कोपरात अडकला.

"आबाला पालथा का घातलास रं?" आत्या ओरडली.

पुठ्ठा काढला. चित्राच्या खालच्या कडेला, फ्रेममध्ये झाकलेल्या जागी, छापखान्याचे नाव होते. ते मी सुभेदारांपुढे धरले. "हे बघा. छापील आहे. आमचा याच्याशी काहीएक संबंध नाही."

सुभेदारांनी चष्मा लावून वाचले. मला वाटले, जिंकलो. पण त्यांचा चेहरा उतरत चालला होता. आयुष्यभर अख्ख्या गावाला ज्याच्याकडे बोट दाखवून खापरपणजा म्हणून सांगितले, तो आता माझ्या हातात पायाशी छापखाना घेऊन पडला होता. नातवालाही ते कळले असावे. त्याने शेंगदाणे सोडले.

शहाणा माणूस इथे गप्प बसला असता. मी हिशेब अर्धा ठेवत नाही. "म्हणजे सुभेदार, तुमच्याकडची फ्रेमसुद्धा एकदा मागून उघडून—"

सुमनने माझ्या पायावर पाय दिला. सगळा भार टाकून.

तेवढ्यात मंगल चहा घेऊन बाहेर आली. कप सुभेदारांपुढे ठेवत म्हणाली, "आजोबा, मूळ चित्र तुमच्याकडचं असणार. त्याच्यावरनंच कुणीतरी छापून बाजारात आणलं असेल. नक्कल तर खऱ्याचीच करतात ना लोक."

सुभेदारांनी चष्मा काढला, तिच्याकडे बघितले आणि पाठ ताठ केली. "त्येच म्हंतोय मी. आमच्या वडलांच्या येळंला कोण तरी चित्र बघून गेल्तं बघा." मग बशीत चहा ओतला. "पोरीला समज हाय. कुणावर गेलीया?"

"माझ्यावर," सुमन म्हणाली. कोणी हरकत घेतली नाही.

लग्न झाले. सरदार आता व्याह्यांचे पूर्वज ठरल्यामुळे त्यांना मानाने परत त्याच खिळ्यावर बसवावे लागले. तासगावला गेलो की त्यांच्या सोप्यातली फ्रेम बघून माझे हात शिवशिवतात. तेव्हा मंगल माझ्या हातात द्राक्षांचे ताट देते. दोन्ही हातांनी धरावे लागेल एवढे मोठे.

पुढे मला बढती मिळाली. सुमनने माझा कोटातला फोटो मोठा करून सरदाराच्या शेजारी लावला. मी टेपने मोजून दोन्ही फ्रेमा एका रेषेत आणल्या. त्याच आठवड्यात आत्या आली, नेहमीसारखा सरदाराला हार घालून माझ्या फोटोजवळ नाक नेऊन बराच वेळ निरखत राहिली.

"आबा तर आपलाच हाय," ती म्हणाली. "पर ह्यो शेजारचा कुठनं इकत आणलास?"