सरळ रूळ पिठाच्या डब्यात

लूमखात्याच्या, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्याच्या, खडखडाटात दिवसभर तोंड उघडून काही उपयोग नसतो. मग पाळी सुटली की सगळं तुंबलेलं बोलणं चहाच्या हातगाडीवर, आमच्याकडच्या लारीवर, बाहेर पडतं, आणि किस्से साचत जातात. सुरतेजवळच्या उधन्यातल्या आमच्या खात्याचे किस्से सांगायला बसलो तर चहावाला लारी बंद करून निघून जाईल. पण नव्वदच्या सालात भास्करच्या पोरीसाठी आम्ही चौघांनी खेळण्यातली आगगाडी निवडली, ते किस्से मी वेगळे काढून ठेवलेत. चार मोठी माणसं एका चार वर्षांच्या पोरीपुढे किती शहाणपण सांडू शकतात, ते त्यात नीट दिसतं.

चौघं म्हणजे कोण? पोरीचा बाप भास्कर, अमळनेरकडचा, घरी अहिराणी बोलणारा, बाहेर कमीच बोलणारा. सुकलाल मास्तर, लूम दुरुस्त करणारा; जगातलं कुठलंही यंत्र बनवण्याआधी आपल्याला विचारायला हवं होतं, असं त्याचं मत. देवराव परभणीचा, सल्ला द्यायला कायम मोकळा. आणि मी, बापू. मी शहाणा होतो, पण माझं ऐकतो कोण?

तर झालं असं, की भास्करची बायको रत्ना आणि पोरगी पिंकी गावी असायच्या. भास्कर राहायचा त्या खोलीत दिवसपाळीवाले रात्री झोपायचे आणि रातपाळीवाले दिवसा. तिथं बायको-पोरीला कुठं ठेवणार? शेवटी त्यानं चाळीत वेगळी खोली घेतली आणि दोघींना आणलं. पिंकीनं बापाला नीट असं पहिल्यांदाच पाहिलं.

पहिल्या संध्याकाळी भास्कर जेवायला बसला. पिंकी आईच्या पदराआड उभी. बराच वेळ बघत राहिली आणि मग आईला विचारलं, "आई, हाऊ माणूस त्याना घर कवय जाई?"

म्हणजे, हा माणूस आपल्या घरी कधी जाणार? भास्करनं आम्हाला हे हसत हसत सांगितलं. चहा मात्र पूर्ण प्यायला नाही.

रोज संध्याकाळी हाच प्रश्न. रत्नावहिनीनं स्पष्ट सांगितलं, "आखाजीपर्यंत बघते. पोर रमली तर राहू. नाहीतर भाऊ न्यायला येईल तेव्हा दोघी जणी गावी जाऊ." आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया; खानदेशात तेव्हा भाऊ बहिणीला न्यायला येतो. तिचंही काय चुकलं? पोर रात्रभर कुढायची.

* * *

आता पोरीला रमवायचं कसं, यावर लारीवर आमची परिषद बसली. देवराव म्हणाला, "ढोल वाजवणारं माकड घ्या. लई हासतेत लेकरं." देवरावला स्वतःचं लेकरू नव्हतं, त्यामुळे त्याला या विषयात खात्री फार.

भास्कर म्हणाला, "तिले गाडी आवडली. गावाहून येताना पॅसेंजरमधून उतरायलेच तयार नव्हती."

झालं. गाडी म्हटल्यावर मास्तरनं परिषद ताब्यात घेतली. "पण साधी गाडी नको. वाढवता येणारी पाहिजे. आज गोल रूळ, उद्या सरळ जोडा, परवा पूल. आपल्या खात्याच्या शेठनं काय केलं? आधी थोडे लूम टाकले, मग भिंत पाडून खातं वाढवलं."

भास्करच्या खोलीची भिंत पाडायची का, असं मी विचारलं. मास्तरनं तोवर लारीच्या फळीवर बोटानं पूल काढायला घेतला होता.

* * *

सुट्टीच्या दिवशी आम्ही चौघं सुरतेच्या बाजारात खेळण्यांच्या दुकानात गेलो. केसांत सुताचे तंतू तसेच. दुकानदार शेठनं आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "बाबो के बेबी?" म्हणजे, मुलगा की मुलगी?

"बेबी," भास्कर म्हणाला.

"तो ढींगली लई जाव ने."

बाहुली घ्या म्हणे. भास्करनं मान हलवली आणि गाडीकडे बोट दाखवलं. डब्यावर रूळ वाढवत नेण्याची चित्रं होती. मास्तरनं इंजिन उलटं केलं, चाकं फिरवली, कानाला लावून आवाज ऐकला, आणि गिअर प्लास्टिकचा आहे म्हणून तोंड वाकडं केलं. पितळी गिअरची खेळणी फक्त राजेमहाराजांच्या घरी असतात, हे त्याला कोण सांगणार?

आता लूमवाल्यांची एक सवय. खात्यात ऐकू येत नाही, म्हणून आम्ही हातानं बोलतो. मिशीवरून बोट फिरवलं की शेठ. खिशावर मूठ आपटली की चोर. भाव ऐकल्यावर मास्तरनं दुकानदाराच्या डोळ्यांदेखत आधी मिशीवरून बोट फिरवलं आणि मग खिशावर मूठ आपटली. आम्ही तिघांनी गंभीरपणे माना डोलावल्या.

दुकानदारानं फडक्यानं टेबल पुसलं, शांतपणे स्वतःच्या मिशीवरून बोट फिरवलं, आमच्या चौघांकडे एकेक करून बोट दाखवलं आणि खिशावर मूठ आपटली. मग म्हणाला, "मारा बापा पण लूम चलावता."

त्याच्या बापानंही लूम चालवलेले. आम्ही मुकाट्यानं त्याच्याच भावात गाडी घेतली.

* * *

गाडी मांडायचा मान अर्थातच मास्तरचा. त्यानं दोरी लावून जमिनीचा उतार तपासला. चाळीतली खोली ती, उतार मोरीकडे. गाडी मोरीकडे सुसाट जायची आणि परत येताना चढावर घरघर करत थांबायची. मास्तरनं रुळांखाली पुठ्ठे घातले, काढले, पुन्हा घातले. वहिनीचा स्वयंपाक खोळंबला. देवराव म्हणाला, "माकड घेतलं असतं तर एव्हाना वाजलं असतं."

शेवटी गाडी एक पूर्ण चक्कर मारून आली. आम्ही टाळ्या वाजवल्या. पिंकी पदराआडून बाहेर आली, गाडीजवळ बसली, इंजिनावर बोट ठेवून पाहिलं. भास्करच्या तोंडावर काय आनंद. बापड्यानं श्वास रोखून धरलेला.

पिंकी आईकडे वळून म्हणाली, "गाडी दिधी ना त्यानी? आते जाई ना तो?"

गाडी दिली, आता जाईल ना, म्हणे. आम्ही चपला शोधू लागलो.

* * *

पुढच्या सुट्टीला देवराव जत्रेतून रुळांचं पाकीट घेऊन आला. वाढवायची गाडी आहे ना, मग वाढवा. फक्त ते रूळ दुसऱ्याच कंपनीच्या गाडीचे होते. आपल्या रुळांत बसेचनात. शहाण्या माणसानं ते परत केले असते. पण आम्ही पडलो कारागीर. तुटलेला धागा दिसला की डोकं चालायच्या आधी बोटं गाठ मारतात.

आम्ही ते रूळ सुतानं बांधले. तिघांनी, तीन ठिकाणी, आमची पक्की विणकरी गाठ. अशी गाठ की तागा फाटेल पण ती सुटणार नाही. गाडी आली, पहिल्या गाठीवर अडखळली आणि आडवी पडली. उचलली, दुसऱ्या गाठीवर पडली.

मास्तर म्हणाला, "इंजिनात खोट आहे."

गाठी मारताना आमच्यापैकी एकालाही गाडी त्या गाठीवर चढणार कशी, हा प्रश्न पडला नव्हता. आणि गाठ अशी पक्की, की शेवटी वहिनीला विळीवर सूत कापावं लागलं.

* * *

भास्करनं मग हट्टाला पेटल्यासारखं केलं. बिडी सोडली, आणि त्या दुकानातून खरे सरळ रूळ आणायला लागला. रूळ मोरीपासून खाटेपर्यंत गेले, खाटेखालून दारापर्यंत, दारातून ओट्यावर. चाळीतली पोरं बघायला यायची. मास्तर त्यांना जणू रेल्वे आपणच आणली असं समजावून सांगायचा.

आणि रोज सकाळी ते सरळ रूळ गायब. कुठं? पिठाच्या डब्यात. भास्कर संध्याकाळी पीठ झटकून जोडायचा, पिंकी पुन्हा काढून पिठात पुरायची. पोळीत रूळ येईल म्हणून वहिनी वैतागली.

"वाढवायची वस्तू ही पोर कमी करून राहिली," मास्तर म्हणाला. "तिले यंत्रातलं काही कळत नाही."

देवराव म्हणाला, "शेठ होणार बघा. आतापासूनच कपात करू लालीय."

भास्करनं त्या दिवशीही पीठ झटकून रूळ जोडले. नवे रूळ मात्र त्यानं आणले नाहीत. आखाजी जवळ आली होती.

* * *

वहिनीचा भाऊ न्यायला आला त्या संध्याकाळी आम्ही तिघं निरोप द्यायला गेलो. दारात बांधलेलं बोचकं, भाऊ ओट्यावर बसलेला. भास्कर पाळी संपवून नुकताच आलेला, कपडेही न बदलता खोलीच्या मधोमध जमिनीवर बसला होता. देवराव बोचक्याची गाठ उगाच आवळत होता.

पिंकी गोल रूळ घेऊन आली. भास्करपासून हातभर लांब एक रूळ ठेवला. त्याला दुसरा जोडला. मग तिसरा. अशी जोडत जोडत ती त्याच्या पाठीमागून फिरून पुढे आली आणि शेवटचा रूळ पहिल्याला लावला. भास्कर मधे. तो हलायलाही तयार नव्हता.

मास्तरला राहवलं नाही. दारातूनच म्हणाला, "अगं, सरळ रूळ जोड ना. गाडी लांब जाईल."

"लांब नही जावानं," ती मान वर न करता म्हणाली. "लांब गाव शे." म्हणजे, लांब जायचं नाही, लांब गाव आहे.

मग तिनं इंजिन रुळावर ठेवलं, बटण दाबलं. गाडी भास्करभोवती फिरू लागली. उतारावर सुसाट, चढावर घरघर करत, पण फिरत राहिली. भास्करनं जरा पाय हलवला तशी तिनं त्याचा गुडघा दोन्ही हातांनी दाबून धरला. "उठू नको. तू मझार बस." मधे बस म्हणे.

वहिनीनं भावाकडे पाहिलं आणि दारातलं बोचकं उचलून आत घेतलं.

आम्ही तिघं दारात तसेच उभे. पिंकीनं आमच्याकडे एकदा नीट पाहिलं, आणि आईला विचारलं, "आई, ह्या माणसे त्यासना घर कवय जातीन?"