भाईकाकांच्या गाडीचा हिरवा रंग

अन्याय झाला तो आचऱ्याच्या भाईकाकांवर. कधी झाला, तेही सांगते : त्यांच्या बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी. त्यांच्या पुतण्याने, सुहासने, त्यांची जुनी पिकअप गाडी किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टला दिली, आणि रिसॉर्टच्या माणसांनी काकांच्याच अंगणात ग्राइंडर लावून ती पत्र्यापर्यंत खरवडली. मी पोचले तेव्हा रंगाचा भुगा उडत होता आणि सीटवरचा काकांचा पंचा मातीत पडला होता. तोवर मी रडले नव्हते...

ही गाडी काकांनी मिठबावच्या एका आंबा व्यापाऱ्याकडून घेतली. देताना तो म्हणाला होता, गाडी लष्करातली आहे. बस्स, एवढंच. गावाने तेवढ्यावर काकांना 'मेजर' करून टाकलं. कट्टा गावच्या बाजारात गाडी थांबली की कुणीतरी सलाम ठोकायचं, "काय मेजरानू, सीमा बरी आसा मां?" काका चिडायचे नाहीत, हसायचेही नाहीत. त्यांना फक्त खरं काय ते हवं होतं. लष्करातली असेल तर तसं, नसेल तर तसं. गाडीवरची कंपनीची पट्टी, जिच्यावरून काही कळलं असतं, खाऱ्या वाऱ्याने कधीच खाल्लेली. सरकारी कचेरीत मीही गेले होते त्यांच्याबरोबर. ठेवणीतली मराठी काढून ते म्हणाले, "साहेब, ही गाडी सैन्यात होती की नव्हती, एवढंच कळलं पाहिजे." साहेब म्हणाले, "काका, चालते ना? मग झालं तर!" मी भांडायच्या तयारीत, तर काका मलाच बाहेर ओढत म्हणाले, "चल गो, तेका जेवणाची घाई आसतली."

आमच्याकडे होडी दर वर्षी रंगवतात. होडीचा उरलेला रंग काका गाडीला फासायचे, गंजू नये म्हणून. जुना थर न काढता त्यावरच नवा. निळा, लाल, पिवळा... मागच्या फाळक्याच्या आतल्या बाजूला आम्ही दोघांनी ब्लेडने तळहाताएवढी जागा हळूहळू सोलली. तळाशी हिरवा निघाला. मी ओरडलेच, "काका, लष्कर!" ते चष्मा पुसत राहिले. "कोणी सांगल्यान तुका? हिरवो रंग हयसर दर दुसऱ्या होडयेक आसा. त्या व्यापाऱ्याकडे होडी नसात कशावरून?"

माझ्या पत्रकांचंही तेच. किनारा वाचवायची आमची पत्रकं याच गाडीतून गावोगाव गेली, पण आधी काकांच्या नजरेखालून. एखाद्या कडक वाक्यावर बोट ठेवून विचारायचे, "कोणी सांगल्यान तुका?" उत्तर नसलं की वाक्य जायचं. इतका राग यायचा मला! पण उरलेलं एकही वाक्य कुणाला खोडता आलं नाही.

कोल्हापूरचा एक जुन्या गाड्यांचा जाणकार दिवाळीनंतर येणार होता. त्या हिरव्यात सैन्याच्या गाड्यांवर असतो तसा आकडा किंवा बाण कुठे दबलाय का, ते तो एकेक थर काढून बघणार होता. दिवाळीआधीच काका गेले. आणि हे सगळं सुहासला माहीत होतं! "थांबला का नाहीस?" विचारलं, तर म्हणतो कसा, "अगो, मान दिलंय मी तेंका. जन्मभर मेजर मेजर म्हणान लोक हसले. आता बघ!"

बघितलं. रिसॉर्टच्या दारात गाडी उभी आहे, चकचकीत लष्करी हिरवी, दारावर पांढरा तारा, पुढे पाटी : 'युद्धात लढलेली गाडी'. कुठल्या युद्धात? मॅनेजर म्हणतो, "मॅडम, रंग बघा ना." गाडी खरंच लष्करातली असली तरी आता कुणाला कळायचं नाही, आणि नसली तरी नाही. एका माणसाने आयुष्यभर जपलेला प्रश्न यांनी रंगाच्या डब्यात बुडवला, आणि त्याला मान म्हणतात!

सुट्टीत तुम्ही मालवणला येणार, मला माहीत आहे. त्या गाडीला टेकून फोटो काढणार. काढू नका. पाटीसमोर उभे राहा, मॅनेजरला बाहेर बोलवा आणि चार लोकांना ऐकू जाईल असं विचारा, भाईकाका विचारायचे तसं : "कोणी सांगल्यान तुका?"