सात मोती आणि धोंडूकाकांचं स्टूल

सराफाच्या दुकानात झाडू मारला तरी धूळ फेकत नाहीत. साठवून ठेवतात, कारण तिच्यात सोन्याचे कण असतात. महाडच्या बाजारपेठेतल्या आमच्या दुकानात मी बारा वर्षं काउंटरला आहे, आणि माझ्याकडे धुळीपेक्षा किस्सेच जास्त साठलेत! मालक नाना म्हणतात, "धूळ गाळून निदान सोनं निघतं. तुझे किस्से गाळून काय निघणार?" म्हणून मी ते फुकट वाटते.

नानांचा एक कडक नियम आहे. दागिना पुढे ठेवून कोणी विचारलं, तर खरं तेच सांगायचं. विचारलं नाही, तर तोंड उघडायचं नाही. या नियमाने माझे फार हाल होतात. लग्नाकार्याला गेले की खोटे हार बघून जीभ नुसती वळवळते, पण मी मुकाट्याने मठ्ठा पिते.

* * *

गेल्या दिवाळीनंतर धोंडूकाका आले. पोलादपूरच्या वर डोंगरात एका वाडीवर राहतात. स्टुलावर बसले, दाराकडे एकदा बघून घेतलं आणि हळूच म्हणाले, "सात मोती दाखव गो बाय. खरे."

मी ट्रे पुढे केला. काकांनी एक मोती उचलून दातावर घासला. खरा मोती दाताला बारीक रेतीसारखा खरखरतो आणि खोटा गुळगुळीत लागतो, हे आमच्याकडे गावोगाव माहीत आहे. काकांनी दुसरा घासला, तिसरा घासला, ट्रे संपवला!

"सगळे खोटे! साफ गुळगुळीत हायत."

नानांनी चष्म्यावरून बघितलं. "धोंडू, कवळी कधी बसवलीस?"

"शिमग्याला."

"मोती खरे आहेत. दात खोटे आहेत."

मी हसून हसून काउंटरखाली बसले. पण काका हसले नाहीत. लग्नात बायकोला दिलेली नथ जत्रेतली होती, तिचे सातही मोती काचेचे, आणि आपण ते खरे म्हणून सांगितलं, हे त्यांनी खाली मान घालून कबूल केलं. काकी चाळीस वर्षं ती नथ मिरवत आल्या होत्या. आता मे महिन्यात नातीचा साखरपुडा, नथ नातीला घालायची, आणि नवऱ्यामुलाची आत्या कोण? तर तुडीलची इंदूआत्या!

इंदूआत्या म्हणजे आमच्या तालुक्याची चालतीबोलती लॅब. मोती दिसला की दाताखाली घेणार, आणि रिपोर्ट तिथल्या तिथे जाहीर करणार. एका बारशाला तिने बाळाच्या आजीची कुडी कानातून उतरवली, चावली आणि "प्लॅस्टिक!" म्हणून ओरडली. त्या गडबडीत बाळाचं नाव ठेवायचं राहून गेलं होतं.

"सगळ्यांम्होरं बायकोला कळंल रे नाना," काका म्हणाले. काजूचे पैसे आले की खरे मोती घ्यायचे आणि काकीला कळायच्या आत नथीत बसवून टाकायचे, असा त्यांचा बेत होता.

नाना नुसते कॅलेंडरकडे बघत राहिले. मला त्यांचा असा राग आला म्हणता!

* * *

त्यानंतर काका दर आठवड्याला यायला लागले. दातांचा भरवसा उरला नव्हता, म्हणून मी त्यांना भिंग लावून मोती बघायला शिकवलं. आधी चमक बघायची, मोत्यात खिडकीचं प्रतिबिंब स्वच्छ दिसायला हवं. मग वरचे खड्डे बघायचे, मग आकार. आणि एका दागिन्यातले मोती एकमेकांशी जुळायला हवेत, एकाच वेळी निवडलेले असले की ते सख्खी भावंडं दिसतात.

"आन् त्यो कल्चर मोती? त्यो खोटा ना?"

"नाही हो काका. तो शिंपल्यातच वाढतो. फक्त बी माणूस घालतो."

"म्हंजे आमच्या कलमी आंब्यासारखा," काका म्हणाले. बारा वर्षं गिऱ्हाइकांना समजावून माझा घसा बसलाय, मला हे एकदाही सुचलं नव्हतं.

* * *

एक दिवस मुंबईला नोकरी करणारा एक तरुण आला. तिकडे रस्त्यावर स्वस्तात हिऱ्याची अंगठी मिळाली म्हणून स्वारी खुशीत होती. मी काही बोलायच्या आत त्याने अंगठी आमच्या काउंटरच्या काचेवर अशी कचकन ओढली! वीतभर ओरखडा पडला.

"बघा! काच कापली. ओरिजिनल हाय का नाय?"

मी म्हटलं, "अहो, अमेरिकन डायमंडसुद्धा काच कापतो." आणि हिरा ओळखायचं मशीन खड्याला टेकवलं. मशीन वाजेचना.

त्याने अंगठी खिशात टाकली. मग म्हणाला, "हिरा खोटा निघाला. मग काच भरून द्यायला लागंल काय?"

"लागेल," नाना म्हणाले. "काच खरी होती."

तो ओरखडा अजून आहे. नवं गिऱ्हाईक आलं की काका त्यावर बोट ठेवून अख्खा धडा देतात.

* * *

पोलादपूरच्या एक बाई होत्या. शिक्षिका. आमच्याकडून हिऱ्याच्या कुड्या नेल्या, सर्टिफिकेटसकट. आठवड्याने परत आल्या त्या पेपर तपासायच्या मूडमध्येच. "यात लिहिलंय आत बारीक डाग आहे! मला बिनडागी हवा."

नाना समजावत होते की नैसर्गिक हिऱ्यात भिंगाखाली असं काहीतरी दिसतंच, साध्या डोळ्यांना दिसत नसेल तर बिघडलं नाही. त्यापेक्षा पैलू नीट पाडलेत का ते बघा, लखलखाट त्यावर असतो. बाई ऐकायला तयार नाहीत. तेवढ्यात स्टुलावरून काका बोलले, "बाई, ऱ्हाऊ द्या त्यो डाग. उद्या कुनी हिरा बदलला तर वळखाल कशावरनं?"

बाईंनी भिंग मागून घेतलं, डाग नीट पाहून वहीत त्याचं चित्र काढलं आणि कुड्या घेऊन गेल्या. त्या दिवशी नानांनी काकांना चहाबरोबर भजीही मागवली.

* * *

वीर गावच्या एका वहिनींनी तर कमालच केली! मोत्यांचा तन्मणी मळला म्हणून रात्रभर कोकमाच्या पाण्यात घातला. सकाळी मोती खडूसारखे पांढरेफटक!

"पण तांब्याचा हंडा ह्यानंच लखलखतो गो!" त्या मलाच भांडायला लागल्या.

"हंड्याला आंबट चालतंय," काका म्हणाले. "मोत्याला नाय. ओल्या फडक्यानं पुसायचा, बस. सेंट मारायचा आधी, मोती घालायचे मागनं."

"मग आता ह्याची चमक कुठं गेली?"

"कोकमात. ती सोलकढी जपून ठेवा वयनी, लई महाग पडलीय!"

* * *

साखरपुड्याला चार दिवस राहिले आणि काकांनी रुमालाची गाठ सोडून नथ काउंटरवर ठेवली. काकीला सांगून आले होते की तार सैल झालीय. आमच्या ट्रेमधून त्यांनी सख्ख्या भावंडांसारखे सात मोती आधीच निवडून ठेवले होते.

"काढ ती काच, बाय." मग म्हणाले, "थांब. येकदा बघू दे."

भिंग डोळ्याला लावून त्यांनी नथ उजेडात धरली. बराच वेळ फिरवली.

"बाय, ही काच नाय."

मी बघितलं. खरंच नव्हती! सातही मोती अस्सल. एक जरा पिवळसर, एकाला बारीक खड्डा, एकाची चमक इतरांहून सरस.

"येका टायमाचे नायत ह्ये," काका पुटपुटले. मग वळून म्हणाले, "नाना, ह्ये कुनी बसवले?"

नानांनी सुस्कारा सोडला. आता त्यांना विचारलं होतं. "मी. तू मुंबईला कामाला होतास तेव्हा. तुझी बायको आंबेनळी घाटात गाड्यांना करवंदं विकायची आणि दर मे महिन्यात एक मोती बदलून न्यायची. सात वर्षं."

"पन तिला कळलं कसं?"

"तिचे दात खरे आहेत."

"आन् मी सहा म्हैनं हितं बसलोय, तू बोलला का नायस?"

"तू विचारलंस कुठे? तू नुसतं सांगितलंस."

काकांनी डोळे पुसले. मीही पुसले, उगाच कशाला लपवा. मग त्यांनी निवडलेले मोती बाजूला सारले आणि खऱ्या मोत्यांच्या कुड्या मागितल्या. तासभर भिंग लावून माझे दोन जोड नापास केले, तिसरा घेतला.

"डबी नको. कागदात बांध. तिला सांगनार हाय, जत्रंतल्या हायत."

* * *

साखरपुड्यात इंदूआत्याने नथ चावली आणि पहिल्यांदाच काही न बोलता जेवून गेली म्हणे.

पुढच्या सोमवारी काकी दुकानात आल्या. कानात त्याच कुड्या. बरोबर काकांच्याच स्टुलावर बसल्या, एक कुडी काढली, दातावर सावकाश घासली आणि परत कानात घातली. नाना चष्मा पुसायला लागले. मी जीभ दातांखाली धरून उभी राहिले.

काकी म्हणाल्या, "घाबरू नको रे नाना. मी काय इचारायला आलेली नाय."